जुनी हायब्रीड गाडी घ्यायची? आधी वहीत हिशोब मांडा



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी दीड लाखाच्या कर्जाची मागणी ठेवली. मुलगा पुण्यात ड्रायव्हर होता, आता गावी परत आलाय. स्वतःची गाडी घेऊन त्याला भाडं मारायचंय. गाडीही बघून ठेवली होती : २०२३ची स्ट्राँग हायब्रीड, १ लाख ४० हजार किलोमीटर चाललेली. एजंट म्हणाला, "ताई, ही गाडी पेट्रोल पितच नाही. दोन दिवसांत टोकन द्या, नाहीतर जाईल." उरलेले पैसे बँकेकडून, आणि कमी पडले तर अंगावरचं सोनं होतंच.

अध्यक्षताईंनी मागणी नाकारली नाही. एवढंच म्हणाल्या, "पुढच्या बैठकीपर्यंत थांबू. आज सगळ्याजणी मिळून प्रश्न काढू." तेच प्रश्न हा आपला आजचा पाठ.

१. हायब्रीड म्हणजे नक्की कोणती?

हायब्रीड गाडीत पेट्रोलचं इंजिन असतं आणि बॅटरीवरची मोटरही असते. ब्रेक दाबला की वाया जाणाऱ्या ताकदीतून बॅटरी थोडी चार्ज होते. पण यात दोन प्रकार आहेत. माइल्ड हायब्रीडमध्ये बॅटरी लहान असते. ती इंजिनाला नुसता हात देते, गाडी एकट्या बॅटरीवर चालत नाही. २०१५ नंतरच्या काही एर्टिगा, सियाझ गाड्यांवर 'एसएचव्हीएस' लिहिलेलं दिसतं, त्या या प्रकारातल्या. स्ट्राँग हायब्रीड थोडं अंतर नुसत्या बॅटरीवरही जाते. ग्रँड विटारा आणि हायरायडर या गाड्या दोन्ही प्रकारांत येतात. म्हणून 'हायब्रीड' हा शब्द ऐकून जास्त पैसे मोजू नका. कोणता प्रकार, ते कागदावर बघा.

२. बॅटरीची वॉरंटी किती उरली?

टोयोटा आणि मारुतीच्या स्ट्राँग हायब्रीड गाड्यांच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी संपेल तोवर वॉरंटी असते. ताईंच्या गाडीची वर्षं बरीच उरली होती, पण किलोमीटर उरले होते फक्त २० हजार! रोज १०० किलोमीटर भाडं मारलं तर २०० दिवसांत वॉरंटी संपली. पुढे बॅटरी गेली तर खर्च आपल्या खिशातून. भाड्याच्या वापराला वॉरंटीची अट वेगळी आहे का, हेही कंपनीच्या वर्कशॉपला विचारा.

३. बचत किती? वहीत मांडा

समजा साधी पेट्रोल गाडी लिटरला १४ किलोमीटर देते, हायब्रीड २० देते, आणि पेट्रोल ₹१०५ आहे. हायब्रीडसाठी ₹२ लाख जास्त मोजावे लागतात.

महिन्याला १,००० किमी : बचत सुमारे ₹२,२५०. दोन लाख भरून यायला सात वर्षांहून जास्त.
महिन्याला ३,००० किमी : बचत सुमारे ₹६,७५०. भरून यायला अडीच वर्षे.

म्हणजे कमी चालवली तर फायदा नाही, आणि जास्त चालवली तर वॉरंटी सात महिन्यांच्या आत संपते. आणखी एक गोष्ट. हायब्रीडची खरी बचत शहरात, थांबत-थांबत चालण्यात होते. हायवेवर एकसारख्या वेगात ती कमी होते. आपली भाडी कुठली, ते आधी बघा.

४. गाडी कशी तपासायची?

किलोमीटर जास्त म्हणून गाडी वाईटच, असं नाही. वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेली गाडी बरी. नुसती उभी राहिलेली गाडीही त्रास देते. म्हणून सर्व्हिसिंगच्या नोंदी मागा आणि मीटरशी ताडून बघा. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बॅटरीची मशीनवर तपासणी करून घ्या. बऱ्याच हायब्रीडमध्ये मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा जाणारी जाळी असते. आपल्याकडच्या धुळीने ती तुंबली की बॅटरी तापते. ती जाळी हात लावून बघा.

५. कागद

आरसी कोणाच्या नावावर आहे? बँकेचा बोजा असेल तर एनओसी मिळाली का? दंडाच्या ई-चलनाची थकबाकी आहे का? पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीने भाडं मारता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. व्यवसायाची नोंदणी, परवाना आणि कर किती, हे आरटीओत आधीच विचारा. गाडी नावावर झाली की १४ दिवसांत विमाही आपल्या नावावर करायला अर्ज द्या.

पुढे काय झालं?

मुलाने एजंटला सांगितलं, "गाडी वर्कशॉपला नेऊ, तपासणीचे पैसे मी देतो." एजंट तयार होईना. तिथेच उत्तर मिळालं. ताईंना वाईट वाटलं, मुलगा दोन दिवस रुसलाही. पण सोनं घरात राहिलं. कर्जाची मागणी रद्द झालेली नाही. मुलगा आता पिवळ्या पाटीची सीएनजी गाडी बघतोय, आणि या वेळी प्रश्नांचा कागद खिशात घेऊन फिरतोय.

बैठकीत चर्चा करा
• आपल्या गटात वाहनासाठी कर्ज देताना कोणते कागद बघायचे?
• गाडी महिनाभर बंद पडली तर हप्ता कुठून भरणार?
• पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी किती रक्कम बाजूला ठेवायची?

ठरलेलं ठराववहीत लिहा. "दोन दिवसांत जाईल" म्हणणाऱ्याची गाडी गेली तर जाऊ द्या. गाड्या पुष्कळ आहेत, बचत मात्र आपण दर आठवड्याला थोडी-थोडी साठवलेली आहे.