खरेदी केंद्रावरील दिवस : कोणते काम आधी?

नांदेड जिल्ह्यातील उमरी हे मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील बाजारपेठेचे गाव. परिसरातील काळ्या जमिनीत सोयाबीन, कापूस, तूर व हरभरा ही पिके घेतली जातात. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजारात येते, कापूस त्याच्या मागोमाग, तर तूर संक्रांतीच्या आगेमागे. एका पिकाची खरेदी संपते न संपते तोच दुसऱ्याची सुरू होते. अशा गावी हमीभाव खरेदी केंद्र सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यापुढे नोंदणी, प्रतवारी, वजन, वाहतूक, पत्रव्यवहार आणि तक्रारी ही सारी कामे एकाच वेळी उभी राहतात.

समोर जो उभा असेल किंवा आवाज चढवील त्याचे काम आधी, ही सर्वसाधारण रीत. ती सोयीची असली, तरी न्याय्य नव्हे. अग्रक्रम ठरविताना एकच प्रश्न विचारावा : हे काम आज राहिले तर कोणाचे नुकसान होईल आणि ते भरून निघेल काय?

सकाळी : ओलाव्याची तपासणी

सोयाबीनमधील ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे. २०२४-२५च्या हंगामात केंद्र शासनाने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. रांगेत दिवसभर थांबलेल्या शेतकऱ्याचा माल सायंकाळी ओलाव्याच्या कारणाने परत गेला, तर भाड्याचा भुर्दंड त्याच्यावर पडतो आणि नाइलाजाने तो माल व्यापाऱ्यास देतो. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि खुल्या बाजारातील दर बराच काळ त्याहून खाली होते. म्हणून काटा सुरू करण्यापूर्वीच रांगेतील प्रत्येक वाहनातील नमुना यंत्रावर तपासावा. ज्याचा माल ओला निघेल त्यास उन्हे चढण्यापूर्वी ते कळते. ओट्यावर माल वाळवून तो पुन्हा येऊ शकतो.

दुपारी : उद्याचा बारदाना

काही कामे आज निकडीची वाटत नाहीत. परंतु ती राहिली की सर्व केंद्र बंद पडते. बारदाना हे त्याचे ठळक उदाहरण. २०२४-२५मध्ये राज्यातील अनेक केंद्रांवर सोयाबीनची खरेदी बारदान्याअभावी खोळंबली होती. हिशेब सोपा आहे. दिवसाला ५०० क्विंटल खरेदी करावयाची तर ५० किलोच्या १,००० गोण्या लागतात. दहा दिवसांसाठी १०,०००. शिल्लक गोण्या रोज ठराविक वेळी मोजून मागणी आगाऊ नोंदवावी. गोदामातील जागा आणि मालमोटारींची व्यवस्था यांचाही आढावा त्याच वेळी घ्यावा.

सायंकाळी : चुकाऱ्याची वाट मोकळी

माल काट्यावरून उतरला म्हणजे खरेदी पूर्ण झाली असे नव्हे. गोण्या गोदामात पोहोचून पावती झाल्यावरच चुकाऱ्याची कार्यवाही पुढे सरकते. आजची नोंद उद्यावर टाकली, तर शेतकऱ्याचा चुकाराही लांबतो आणि त्यावर अवलंबून असलेली रब्बीची उधारी वाढते. दिवसाच्या नोंदी, गोण्यांची संख्या आणि रवाना झालेला माल यांचा मेळ घातल्याखेरीज केंद्र बंद करू नये. साधी माहितीपत्रके व नित्याचा पत्रव्यवहार यांसाठी मात्र दिवसातील एक तास ठरवून ठेवावा. प्रत्येक पत्रासाठी काटा थांबविण्याचे कारण नाही.

गावाचा वाटा

केंद्रावरील गर्दीचा बराच भाग गावातच कमी होऊ शकतो. सात-बारावर पिकाची नोंद आहे काय, आधार व बँक खात्यावरील नाव जुळते काय, हे ग्रामपंचायत सदस्यांनी नोंदणीपूर्वी पाहून घ्यावे. वाळवलेला व चाळलेला माल संदेशात दिलेल्या तारखेसच न्यावा, हे चावडीवर सांगावे. संदेश वाचता न येणाऱ्या वृद्ध शेतकऱ्यांना शिक्षक व विद्यार्थ्यांनी साहाय्य करावे.

१९७२मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, त्या काळी केंद्रांसमोर बैलगाड्यांच्या रांगा लागत. आज नोंदणी संगणकावर होते, गाडीची जागा ट्रॅक्टरने घेतली आहे. तरीही रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याजवळ वर्षाचे एकच पीक असते. कामाचा क्रम त्याच्याकडे पाहून लावला, तर दिवस कितीही धावपळीचा असला तरी तो सत्कारणी लागतो.