हे खरे कशावरून?

कोणतीही गोष्ट आपल्याला मुख्यतः तीन वाटांनी कळते.

पहिली वाट पाहण्याची. विहिरीत पाणी आहे, हे आपण वाकून पाहतो.

दुसरी वाट ताडण्याची. शेजारच्या माळवदावर धूर दिसला, की खाली चूल पेटली हे आपण ओळखतो. वेरूळचे कैलास लेणे कोरताना आपण कोणी पाहिले नाही. पण दगडावर छिन्नीच्या खुणा आहेत. त्यावरून ते माणसांच्या हातांनी कोरले, हे ठरते.

तिसरी वाट ऐकण्याची. जाणता माणूस सांगतो, आपण मानतो.

आपल्या जुन्या न्यायशास्त्रात या वाटांना प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द अशी नावे आहेत.

तिन्ही वाटांवर पाय घसरतो. अंधारात दोरी सापासारखी दिसते. धूर वाटतो, ते धुके निघते. सांगणाराही चुकतो. म्हणून विचारावे, 'हे खरे कशावरून?'

आता एक गोष्ट तपासू. गावात असे बोलणे ऐकू येते :

"काका, गड्याला साप चावला. मांत्रिकाने मंत्र घातला आणि गडी वाचला. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"अरे बाबा, गडी वाचला हे खरे. पण मंत्राने वाचला, हे कशावरून?"

काकांचा प्रश्न बरोबर आहे. कोंबडा आरवतो, मग सूर्य उगवतो. म्हणून कोंबड्याने सूर्य उगवला असे कोणी म्हणत नाही. एकामागून दुसरे झाले, म्हणजे एकामुळे दुसरे झाले असे नव्हे.

मग गडी वाचला कसा? भारतात सापांच्या ३०० हून अधिक जाती आहेत. बहुतेक बिनविषारी. धामण चावली तर माणूस मंत्रावाचूनही वाचतो. विषारी सापसुद्धा प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असे नाही.

खरी परीक्षा विष चढल्यावर. तेव्हा माणूस दगावला, तर म्हणतात, "त्याचे दिवसच भरले होते." म्हणजे वाचला तर मंत्राचे यश, गेला तर नशिबाचा दोष! जे बोलणे कधी खोटे ठरूच देत नाहीत, त्याची परीक्षा झालीच नाही असे समजावे.

कोणी म्हणेल, "डॉक्टरचेही आपण ऐकूनच मानतो." खरे आहे. पण त्यांचे बोलणे तपासता येते. घोणस किंवा फुरसे चावले, तर रक्त गोठेनासे होते. डॉक्टर थोडे रक्त काचेच्या नळीत २० मिनिटे ठेवतात. ते गोठले नाही, तर विष भिनले हे कळते. मग सर्पविषावरची लस देतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर ती चालते.

आणखी एक सावधगिरी. मण्यार चावल्याची खूण पुष्कळदा दिसत नाही, दुखतही नाही. 'खूण नाही, म्हणून साप चावला नाही' हे अनुमानही फसवे आहे.

साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. हातपाय हलू देऊ नका. १०८ क्रमांकाला फोन करा. जवळचे सरकारी रुग्णालय गाठा. छत्रपती संभाजीनगरात घाटीचे मोठे रुग्णालय आहे. विचार करायला आज वेळ आहे. साप चावल्यावर तो राहत नाही.

प्रश्न
१. आपल्याला गोष्टी कोणत्या तीन वाटांनी कळतात?
२. 'ताईत बांधला आणि ताप उतरला.' यावरून काय सिद्ध होते? काय होत नाही?
३. आज ऐकलेली एक गोष्ट लिहा. ती खरी कशावरून, तेही लिहा.