अमरावतीची २३७ माणसं राहतात कुठं?

प्रश्न : आमच्या अमरावती जिल्ह्याची लोकसंख्येची घनता २०११च्या जनगणनेत २३७ आहे. देशाची ३८२, शेजारच्या अकोल्याची ३२० च्या घरात. मग आम्ही विरळ वस्तीतले झालो का? दर्यापूरच्या स्टँडवरून सकाळी अमरावतीची एसटी धरून दाखवा, मग विरळ कोण ते सांगा!
— एक वाचक, दर्यापूर

उत्तर : एसटीतली गर्दीही खरी आणि २३७ हा आकडाही खरा. घनता काढताना जिल्ह्याची सगळी माणसं सगळ्या जमिनीवर सारखी पसरली आहेत असं धरतात, आणि तुमच्या जिल्ह्यात ती तशी अजिबात पसरलेली नाहीत.

जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे १२,२०० चौरस किलोमीटर, माणसं २८ लाख ८८ हजार. यातून धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके, म्हणजे मेळघाट, बाजूला काढा. जमीन सुमारे ४,००० चौरस किलोमीटरनं कमी होते, माणसं मात्र जेमतेम तीन लाखांनी. उरलेल्या जिल्ह्याची घनता ३०० च्या वर जाते आणि अकोल्याच्या बरोबरीला येते. अकोल्याकडे एवढा डोंगर नाही, फरक तेवढाच. आता अमरावती शहरातली साडेसहा लाख माणसंही वगळा. आकडा घसरून पुन्हा २४० च्या आसपास येतो! म्हणजे जंगलानं खाली ओढलेली सरासरी शहरानं वर ढकलली आहे. देशाच्या ३८२ चंही असंच आहे. त्यात बिहारचे १,१०६ आहेत आणि अरुणाचलचे १७.

मेळघाटात माणसं कमी का, याचं उत्तर सोपं आहे: सातपुड्याचे कडे, सागाचं रान, तुटपुंजी शेतजमीन. शिवाय १९७४ पासून तिथं व्याघ्र प्रकल्प आहे. पण कमी माणसं म्हणजे कमी वैविध्य, असं समजू नका. तिथले कोरकू लोक जी भाषा बोलतात तिचे सख्खे नातलग झारखंडकडे आहेत, मुंडारी आणि संथाली. त्या कुळातली इतक्या पश्चिमेला बोलली जाणारी दुसरी भाषा नाही.

खरी गंमत खालच्या सपाट पट्ट्यात आहे. सगळीकडे काळी जमीन, सगळीकडे कपाशी आणि तूर, मग वस्तीही सारखीच असायला हवी. तशी ती नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी पाहा. अचलपूर, परतवाडा, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा ही मोठी गावं ओळीनं बसली आहेत. डोंगरातून उतरणाऱ्या नद्या आपला दगडगोटा पायथ्याशी टाकतात, त्यात पाणी मुरतं, विहिरीला गोडं लागतं. अंजनगावचे पानमळे आणि अकोटकडच्या केळीच्या बागा याच पाण्यावर उभ्या राहिल्या. इमादशाहीच्या काळात वऱ्हाडची राजधानी अचलपूरला होती. वर गाविलगड, खाली पाण्याची सोय. राज्यकर्त्यांनी जागा हेरून निवडली होती.

तिथून दक्षिणेला पूर्णेकडे या. आता तुमचं दर्यापूर लागतं आणि पाण्याची चव बदलते. पूर्णेचं खोरं म्हणजे जमिनीतल्या भेगेलगत खचलेला, शेकडो मीटर गाळानं भरलेला खड्डा आहे. गाळ चिकण, पाऊस बेताचा, निचरा नावापुरता. पाणी वर उडून जातं, क्षार खाली साचत राहतात. हाच खारपाण पट्टा. अमरावती, अकोला, बुलडाणा मिळून जवळपास ९०० गावं यात येतात. इथली जमीन वऱ्हाडातल्या उत्तम जमिनींपैकी, पण विहिरीचं पाणी पिकालाही चालत नाही आणि माणसालाही. पावसावर कपाशी, ओलीवर हरभरा, आणि पिण्यासाठी नळयोजनेची वाट. अकोट-तेल्हारा भागातली ८४ खेडी योजना वान धरणाचं पाणी नळानं खाली आणते, म्हणजे माणसं खोऱ्यात आणि त्यांचं पाणी डोंगरात. सुपीक जमीन माणसं ओढते, असं शाळेत शिकवतात. खारपाण पट्ट्यात निम्मंच खरं ठरतं. शेतकरी राहतो, मोठं शहर उभं राहत नाही.

मग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा कसे वाढले? रेल्वेनं. १८६० च्या दशकात मुंबई-नागपूर लोहमार्ग या सपाटीतून गेला आणि कापसाच्या गाठी, जिनिंग, दलाल, वकील सगळे रुळांकडे सरकले. अचलपूर तेव्हा स्वतंत्र जिल्ह्याचं ठिकाण होतं. १९०५ मध्ये तो जिल्हा अमरावतीत विलीन केला. गोडं पाणी अचलपूरकडेच राहिलं, कचेरी मात्र गेली.

वऱ्हाडाला मोजणीची सवय जुनी आहे, हेही जाता जाता सांगतो. देशातली पहिली शिरगणती १८७२ ची धरतात, वऱ्हाडात ती १८६७ मध्येच झाली होती. तेव्हा साऱ्या वऱ्हाडात मिळून २२ लाखांवर माणसं होती, म्हणजे आजच्या एकट्या अमरावती जिल्ह्याहून कमी. १८९१ ते १९०१ या दशकात संख्या वाढायच्या ऐवजी घटली, सुमारे २९ लाखांवरून साडेसत्तावीस लाखांवर. १८९९-१९०० चा दुष्काळ त्या आकड्यात दिसतो.

आपण अजून २०११ चेच आकडे वापरतो, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या गणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख ठरली आहे. तेव्हा एक गोष्ट मुद्दाम पाहा. मेळघाटच्या गाभा क्षेत्रातली केलपाणी, गुल्लरघाट अशी काही गावं उठवून अकोट तालुक्यात वसवली आहेत. त्या कुटुंबांची नोंद आता अकोल्याच्या खात्यात होईल. तेवढ्यापुरता तुमचा आकडा उतरेल आणि शेजाऱ्यांचा चढेल. एसटीच्या गर्दीत मात्र त्यानं काही फरक पडणार नाही, कारण तुमच्या गाडीतली माणसं अमरावती शहराकडे निघालेली असतात आणि तिथं एका चौरस किलोमीटरला पाच हजारांवर माणसं आहेत.