अमीबाला हृदय का नसते?



अमीबाला हृदय नसते, रक्तही नसते, तरी त्याचे काही अडत नाही. आपले हृदय थांबले तर मात्र दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. असे का? ‘अमीबा एकपेशीय आहे म्हणून’ हे उत्तर उत्तरपत्रिकांत नेहमी आढळते आणि त्याला गुणही मिळतात. पण त्यात वर्णन आहे, कारण नाही. कारण शोधायला थोडे पदार्थविज्ञान लागते.

पेशीत प्राणवायू शिरतो तो विसरणाने. पाण्यात विरघळलेले त्याचे रेणू पाण्याच्या रेणूंवर सतत आदळत, वाटेल त्या दिशेला भरकटत असतात. जेथे ते दाट असतात तेथून विरळ भागाकडे त्यांचा एकूण ओघ राहतो. मात्र अशा भरकटण्याने दुप्पट अंतर कापायला दुप्पट नव्हे, तर चौपट वेळ लागतो. दसपट अंतराला शंभरपट!

आता आकडे पाहा. स्थिर पाण्यातून मिलिमीटरचा शंभरावा भाग ओलांडायला प्राणवायूला सरासरी १/४० सेकंद पुरतो. दहाव्या भागाला अडीच सेकंद, १ मिलिमीटरला सुमारे चार मिनिटे, १ सेंटिमीटरला सात तास. आणि फुप्फुसापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत, म्हणजे १ मीटरहून थोडे अधिक? आठ वर्षांहून जास्त!

अमीबाची लांबी मिलिमीटरच्या आसपास अर्धी. पृष्ठभागापासून मध्यापर्यंतचे अंतर त्याहूनही कमी. त्याला विसरण पुरते. प्लॅनेरिया हा चपटा कृमी तर बहुपेशीय आहे, तरी त्यालाही हृदय नाही. म्हणजे ‘एकपेशीय’ हे खरे कारण नव्हेच! प्लॅनेरियाचे शरीर इतके पातळ असते की कोणतीही पेशी बाहेरच्या पाण्यापासून फार दूर राहत नाही.

आपल्या शरीरातही शेवटचा टप्पा विसरणाचाच असतो. हृदय फक्त रक्ताला पेशींच्या दारापर्यंत पोहोचवते. आपल्या बहुतेक पेशी कोणत्या ना कोणत्या केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत असतात. वरचा अडीच सेकंदांचा आकडा येथे आठवा.

विसरणाचा नियम १८५५ साली मांडला तो ॲडॉल्फ फिक या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने. (आम्ही पदार्थविज्ञानवाले तो आमचाच म्हणून शिकवतो!) त्यानेच १८७० मध्ये हृदयातून मिनिटाला किती रक्त जाते हे मोजण्याची रीत सुचवली. विश्रांतीत प्रौढ माणूस मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू वापरतो. फुप्फुसातून येणाऱ्या १ लिटर रक्तात तो सुमारे २०० मिलिलिटर असतो, तर शरीरभर फिरून परतलेल्या रक्तात १५०. म्हणजे प्रत्येक लिटर रक्त ५० मिलिलिटर प्राणवायू देऊन येते. मग २५० मिलिलिटर पुरवायला मिनिटाला किती लिटर रक्त लागेल? भागाकार तुम्हीच करा, आणि उत्तर पाठ्यपुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहा.