पुणे, बंदीपूर, कोझिकोड, पणजी: दोघांची बारा दिवसांची फेरी

नकाशा टेबलावर पसरा, चहाचा कप जरा बाजूला ठेवा. तीन राष्ट्रीय उद्यानं (बंदीपूर, कुद्रेमुख आणि मोले) आणि चार किनारी शहरं (कोझिकोड, मंगळुरू, कारवार, पणजी) एकाच फेरीत बघायची आहेत. गाडी तुमचीच, माणसं दोन, दिवस १२ आणि अंतर साधारण २,५०० किलोमीटर. पायऱ्यांचा क्रम मात्र बदलू नका. समुद्र दिवसभर उघडा असतो, पण जंगलाला फाटक असतं आणि फाटकाला घड्याळ असतं. म्हणून आधी जंगल ठरवायचं, बाकी सगळं त्याच्या मागे लावायचं.

निघण्याआधी

१. महिना निवडा. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरचा मध्य, किंवा जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात घाटात दरडी पडतात, बेटांवर जाणाऱ्या बोटी आणि दूधसागर धबधब्याच्या जीपा बंद असतात. नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा गोव्यात खोलीही महाग आणि रस्ताही भरलेला, तो टाळा.

२. निघायचा दिवस रविवार ठरवा. रविवारी पहाटे पुण्याबाहेर पडणं सोपं जातं. शिवाय बंदीपूर, वायनाडचा घाट आणि दूधसागर हे तिन्ही मधल्या वारी येतात, गर्दी निम्मी होते.

३. बंदीपूरच्या दोन सफारी राखून ठेवा: मंगळवारी दुपारची आणि बुधवारी सकाळची. पैसे भरण्याआधी सफारी सुरू आहे ना, याची वनखात्याकडे खात्री करा. वाघ-माणूस संघर्ष वाढला किंवा वणव्याची भीती असली की ती बंद ठेवतात. एकाच सफारीवर भिस्त ठेवू नका. एका फेरीत नुसते चितळ दिसतात आणि दुसरीत समोरून हत्तींचा कळप जातो, हे नेहमीचं आहे.

४. आता मुक्काम ठरवा, याच क्रमाने: हुबळी १ रात्र, म्हैसूर १, बंदीपूर १, कोझिकोड २, मंगळुरू १, उडुपी १, कारवार १, पणजी २, बेळगाव १. प्रत्येक ठिकाणी ‘गाडी आवारात लावता येईल का’ एवढं फोनवर विचारा. नुसतं ‘पार्किंग आहे’ म्हणाले, तर ते रस्त्यावरचंही असू शकतं.

५. गाडीचं सर्व्हिसिंग निघण्याच्या दहा दिवस आधी करा. आदल्या दिवशी करू नका. नवीन बसवलेल्या भागात काही खोट असेल, तर ती चार दिवस गावात फिरवल्यावर कळते.

६. दोघांनीही एकदा चाक बदलून बघा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दिवसाउजेडी. क्रम लक्षात ठेवा: हँडब्रेक, मग नट फक्त सैल करायचे, मग जॅक, मग नट पूर्ण काढायचे. जॅकवर चढवलेल्या गाडीचे घट्ट नट झटक्याने ओढले, तर गाडी घसरते. ही पायरी कुणीही सोडू नये. ‘ते मी बघतो’ असं एक जण म्हणाला, की दुसऱ्याला रस्त्याकडेला नुसतं उभं राहावं लागतं, आणि ते फार असहाय वाटतं.

७. स्टेपनीत हवा भरा. चारही चाकं तपासून लोक पाचवं विसरतात.

८. कागद एका पाकिटात घाला: आरसी, विमा, पीयूसी, दोघांचे परवाने, दोघांची ओळखपत्रं. सफारीला मूळ ओळखपत्र मागतात, म्हणून फोटोवर विसंबू नका. फास्टॅगमध्येही आजच पैसे भरा.

९. गाडीची दुसरी किल्ली जोडीदाराच्या खिशात द्या. गाडीतल्या कप्प्यात ठेवलेली जादा किल्ली काहीच कामाची नाही.

१०. संपूर्ण वाटेचा नकाशा दोन्ही फोनमध्ये उतरवून घ्या. जंगलात आणि घाटात रेंज जाते. दोघांची सिमकार्डं वेगवेगळ्या कंपन्यांची असतील, तर उत्तम.

जाताना

११. पहिला दिवस: पहाटे ५ वाजता निघा. सातारा, कराड करत नाश्त्याला कोल्हापूर, मग निपाणी, बेळगाव, हुबळी. अंतर सुमारे ४३० किलोमीटर. कोल्हापुरात मिसळ खाल्लीत तर त्यानंतर तासभर दुसऱ्याने गाडी चालवावी, कारण पोट भरलं की डोळे जड होतात.

१२. दर दोन तासांनी चालक बदला. झोप आल्यावर बदलायचं नाही, घड्याळ बघून बदलायचं. शेजारी बसलेल्याचं काम वाटाड्याचं: वळण यायच्या अर्धा किलोमीटर आधी, एकदाच, स्पष्ट सांगायचं. वळण चुकलं तर कुणी कुणाला बोलायचं नाही, पुढच्या सुरक्षित जागी वळवून परत यायचं.

१३. दुसरा दिवस: हुबळीहून दावणगेरे, चित्रदुर्ग, हिरियूर करत म्हैसूर गाठा. सगळ्या फेरीतला हा सर्वांत लांबचा पल्ला आहे. हिरियूरनंतर रुंद महामार्ग सुटतो आणि गावागावांतून जाणारा रस्ता लागतो. तिथे न रंगवलेले गतिरोधक असतात, वेग ६०च्या आत ठेवा. अंधाराआधी म्हैसुरात शिरा.

१४. तिसरा दिवस: गुंडलुपेटला टाकी भरा. म्हैसूरहून हे ६० किलोमीटर. पुढे जंगल आहे, तिथे पंप शोधत फिरायचं नाही.

१५. बंदीपूरच्या फाटकातून दिवसा आत जा. रात्री ९ ते सकाळी ६ या जंगलातले दोन्ही महामार्ग बंद असतात. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा सव्वानऊला पोचलो आणि रात्रीच्या निवाऱ्यासाठी गुंडलुपेटला परत फिरावं लागलं. आत खोली राखून ठेवलेली होती, तरीही. म्हणून सफारीच्या तीन तास आधी पोचायचं, एवढंच ध्यानात ठेवा.

१६. जंगलातल्या रस्त्यावर गाडी थांबवू नका. फोटोसाठी नाही, माकडांना केळं द्यायला तर मुळीच नाही. खायला मिळतं असं कळलं की माकडं रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली सापडतात.

१७. हत्ती रस्त्यावर दिसला तर लांबच थांबा. हॉर्न नाही, वरचा दिवा नाही, काच बंद, इंजिन चालू. तो कान फडफडवून तुमच्याकडे वळला, तर सावकाश मागे घ्या. पुढच्या गाडीला चिकटून उभे राहिलात तर तिला मागे यायला जागा उरत नाही, हे पक्कं लक्षात असू द्या.

१८. सफारीच्या अर्धा तास आधी ठरलेल्या जागी हजर व्हा. कुठे यायचं ते तिकिटावरून नीट वाचा, मुक्कामाची जागा आणि सफारीची जागा एकच असेल असं धरू नका. कपडे मातकट किंवा हिरवट, अत्तर नको. सकाळच्या फेरीला स्वेटर आणि कानटोपी हवीच, उघड्या गाडीत पहाटेचा वारा हाडात शिरतो.

१९. चौथा दिवस: सकाळची सफारी आणि नाश्ता झाला की गुंडलुपेटला परत या. नकाशात जवळची वाटणारी आडवाट धरू नका. गुंडलुपेटहून उजवीकडे की डावीकडे, ते मी सांगत नाही. ‘सुल्तान बत्तेरी, वायनाड’ अशी पाटी बघा आणि तिच्यामागे जा. हाही जंगलरस्ता आहे, पायरी १६ आणि १७ इथेही तशाच लागू.

२०. लक्किडीला थांबा आणि ब्रेक थंड होऊ द्या. इथून तामरश्शेरीचा घाट उतरतो, ९ तीव्र वळणं आहेत.

२१. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. सारखा ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो, जळका वास येतो आणि मग पकडत नाही. वळणावर आधी वर येणाऱ्या गाडीला जाऊ द्या. ज्याचा घाटात हात बसलेला आहे त्यानेच इथे चालवावं, पाळी कुणाचीही असो.

किनाऱ्याने वर

२२. पाचवा दिवस: कोझिकोडमध्ये गाडीला हात लावू नका. हा दिवस मी मुद्दाम रिकामा ठेवला आहे. चार दिवस शेजारी शेजारी बसून दोघंही समोरच्या काचेकडेच बघत असता, आता एकमेकांकडे बघत चाला. सकाळी मिठाई तेरुवूत, म्हणजे एस. एम. स्ट्रीटला, हलवा आणि खोबरेल तेलातले केळ्याचे वेफर्स घ्या. विकत घेण्याआधी चाखून बघा, दुकानदार आपणहून तुकडा देतात. संध्याकाळी किनाऱ्यावर मिठाच्या पाण्यात मुरवलेले आवळे, कैऱ्या, अननस मिळतात. शिणाणे आवडत असतील तर तांदळाचं वाटण भरून तळलेले ‘कल्लुम्मक्काया’ मागा. ‘एत्रा?’ म्हणजे ‘कितीला?’, एवढं मल्याळम पुरतं.

२३. सहावा दिवस: सकाळी ७ला मंगळुरूकडे निघा. अंतर २३५ किलोमीटरच आहे, पण गावं एकमेकांना चिकटलेली आहेत. रुंदीकरणाचं काम लागलं तर दिवस जातो, म्हणून संध्याकाळी काही ठरवून ठेवू नका.

२४. कन्नूरच्या अलीकडे मुळप्पिलंगाडला वाळूवरून गाडी चालवा. तिथे गाडी सोडत असतील आणि ओहोटी असेल तरच. ओल्या, घट्ट वाळूवरच राहा, कोरड्या वाळूत चाक रुततं.

२५. मंगळुरूला पोचल्याबरोबर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या. खारट वाळू रात्रभर राहू देऊ नका, पत्र्याला गंज तिथूनच धरतो. गाडी धुऊन होईपर्यंत गोळीबजे आणि कॉफी. इथे कोकणी पुष्कळांना येते, मराठी हळू बोललात तरी निभावतं.

२६. सातवा दिवस: कारकळला टाकी भरून कुद्रेमुखच्या घाटात शिरा. नाक्यावर नोंद करा, मिळालेली पावती जपून ठेवा, ती बाहेर पडताना मागू शकतात. शिखर चढायचं असेल तर वेगळी परवानगी आधीच काढावी लागते. या फेरीत आपण फक्त रस्त्यावरून जातो, आणि खरं सांगायचं तर तो रस्ताच पोटभर आहे: एका बाजूला दाट रान, दुसऱ्या बाजूला गवताने मऊ दिसणारे डोंगर.

२७. दुपारी ३ वाजता परत फिरा आणि कारकळवरून उडुपी गाठा. उशीर केलात तर धुकं उतरतं. उतरलंच तर खालचे दिवे लावा, वरच्या दिव्याने समोर नुसती पांढरी भिंत दिसते.

२८. आठवा दिवस: मालपेहून सकाळच्या बोटीने सेंट मेरीज बेटावर जा. मागे पट्टा असलेल्या चपला घाला. तिथले दगडी खांब ओले असले की निसरडे होतात. परतीची बोट कितीला, हे उतरतानाच विचारा.

२९. दुपारी कारवारकडे निघा, सुमारे २१० किलोमीटर. वाटेत मरवंतेला एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला सौपर्णिका नदी. थांबा, पण गाडी समुद्राच्या बाजूलाच नीट लावून. चौपदरी रस्ता धावत ओलांडू नका.

३०. नववा दिवस: कारवारात सकाळी किनाऱ्यावर चाला, दुपारचं जेवण मासळीचं, मग पणजी. १०० किलोमीटर, घाई नाही. गोव्याच्या सीमेवरच्या पोळेच्या नाक्यावर कागदांचं पाकीट हाताशी ठेवा.

३१. दहावा दिवस: पणजीत गाडी मांडवीकाठी लावा आणि फोंतेन्हासची वस्ती पायी बघा. तिथली घरं राहती आहेत. दारात उभं राहून फोटो काढायचा तर आधी विचारा.

परतीची वाट

३२. निघण्याआधी डिकी तपासा. गोव्यातून दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि वाटेत कर्नाटकही लागतं. काजू घ्या, कोकम घ्या.

३३. अकरावा दिवस: पहाटे कुळेला पोचा आणि दूधसागरच्या जीपसाठी नाव नोंदवा. गाड्यांची संख्या ठरलेली असते, उशिरा आलात तर परत जावं लागतं. जीप मोलेच्या जंगलातून ओढे ओलांडत जाते, म्हणून फोन पिशवीत बंद करून ठेवा. पाण्यात उतरताना लाइफ जॅकेट अंगावरून काढू नका, दगडांमागे पाणी एकदम खोल आहे.

३४. दुपारी २च्या आत अनमोडचा घाट चढायला घ्या. रामनगर, खानापूर करत बेळगाव. अंधारात हा रस्ता नको.

३५. बेळगावात कुंदा घ्या, सकाळी ताजा. गरम डबा लगेच बंद करू नका, आत पाणी सुटतं.

३६. बारावा दिवस: ३४० किलोमीटर पुणे. शेवटचे ५० किलोमीटर ज्याला कमी थकवा आहे त्याने चालवावेत. घर जवळ आलं की लक्ष सुटतं.

३७. घरी पोचल्यावर आधी फक्त खाण्याचे डबे वर न्या. बाकी सामान उद्या.

३८. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा खालून धुवा, पायपुसण्या झटका, स्टेपनीची हवा बघा. वाळू अजूनही निघेल, मालपेची की कोझिकोडची ते दोघांनी मिळून ठरवा.