प्रवाहाचा पहारेकरी

मुलांनो, भिंतीवर सॉकेट एक आणि उपकरणे चार, ही अडचण आज घरोघरी दिसते. मग आपण एक्स्टेन्शन बोर्ड आणतो. एका सॉकेटची चार झाली, म्हणून आनंद होतो. परंतु वीज आणणारी तार एकच राहते. चार गाड्यांचे ओझे एकाच बैलाच्या मानेवर पडावे, तशी तिची स्थिती होते.

तारेतून प्रवाह वाहू लागला, की ती तापते. प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता चौपट होते. हा नियम जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली प्रसिद्ध केला. तार फार तापली, तर तिच्यावरील वेष्टन वितळते आणि आग लागते.

आपल्या देशात घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. म्हणून ६ अँपिअरच्या बोर्डावर २३० × ६ म्हणजे १३८० वॅटपर्यंतच भार घालावा. १००० वॅटची इस्त्री आणि १५०० वॅटची किटली एकदम लावली, तर प्रवाह सुमारे ११ अँपिअर होतो!

अशा वेळी बोर्डावरील ब्रेकर उपयोगी पडतो. त्यात दोन भिन्न धातूंची जोडपट्टी असते. तापल्यावर एक धातू अधिक प्रसरण पावतो, दुसरा कमी. त्यामुळे पट्टी वाकते आणि मंडल तुटते. घरात बसविण्याजोगा छोटा ब्रेकर १९२४ साली जर्मनीत ह्यूगो स्टॉट्झ यांच्या कारखान्यात तयार झाला. फ्यूजची तार वितळली, की ती नवी घालावी लागते. ब्रेकरची कळ मात्र पुन्हा दाबता येते. तथापि, कारण शोधून भार कमी केल्यावाचून ती दाबू नये. पहारेकऱ्याने हाक दिल्यावर त्याचेच तोंड बंद करणे हे शहाणपणाचे नव्हे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा पहारेकरी तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. ६ अँपिअरच्या शंभराव्या भागाइतका प्रवाह शरीरातून गेला, तरी प्राणावर बेतू शकते. म्हणून मुख्य फळीवर आरसीसीबी नावाचे निराळे साधन बसवितात. ३० मिलिअँपिअर प्रवाह गळू लागताच ते वीज तोडते. प्लगची लांब व जाड पीन अर्थिंगची असते. ती सर्वांआधी जोडली जाते आणि सर्वांनंतर सुटते. तीन पिनांचा प्लग दोन छिद्रांत बसविण्याची युक्ती कधीही करू नये.

बोर्डाला दुसरा बोर्ड जोडू नये. तार सतरंजीखाली दडवू नये किंवा गुंडाळून ठेवू नये. तिची उष्णता बाहेर पडत नाही. ओल्या हाताने प्लगला स्पर्श करू नये.

वीज ही कामसू दासी आहे. परंतु मर्यादा मोडणाऱ्याला ती क्षमा करीत नाही.

स्वाध्याय
१. ब्रेकर पुन्हा पुन्हा पडत असेल, तर प्रथम काय करावे?
२. २०० वॅटचा दूरदर्शन संच, ६० वॅटचा पंखा व १००० वॅटची इस्त्री ६ अँपिअरच्या बोर्डावर एकत्र चालतील काय? गणित करून सांगा.