संगणकाला काम सांगणाऱ्या मुली



गेल्या महिन्यात आमच्या वर्गात एक भांडण झालं. त्या भांडणावरून हा लेख लिहिला आहे. माहिती बाईंनी पुस्तकातून आणि मोबाईलवरून काढून दिली. साल आणि आकडे मी दोनदा तपासले आहेत.

भांडण असं झालं. आपल्या शाळेत संगणक दोन आहेत, त्यातला एक चालतो. तास आला की मुलगे पळत जाऊन खुर्ची धरतात. आम्ही मुली मागे उभ्या राहून बघतो. मी म्हणाले, आम्हाला पण बसू द्या. तेव्हा एक जण म्हणाला, "तुला काय जमणार? मशीन आहे ते. मुलींचं काम नाही." मी म्हणाले, "शिवणाचं पण मशीनच असतं की!" सगळे हसले. पण मला रडू आलं. बाई म्हणाल्या, "रडू नकोस. हे काम जगात सगळ्यात आधी कोणी केलं ते शोधून काढ."

आता आधी हे काम म्हणजे काय ते सांगते. संगणकाला स्वतःची अक्कल नसते. त्याला काय करायचं ते एकेक करून, बरोबर क्रमाने लिहून द्यावं लागतं. त्या लिहिलेल्या आज्ञांना प्रोग्राम म्हणतात. ही गोष्ट मला कळावी म्हणून बाईंनी घरी एक कृती करायला सांगितली. मी माझ्या धाकट्या भावाला म्हणाले, तू मशीन हो, मी सांगेन तेवढंच करायचं, स्वतःचं डोकं लावायचं नाही. मग म्हणाले, "पीठ घे." त्याने सगळा डबाच परातीत पालथा केला! आई ओरडली. पण चूक त्याची नव्हती, किती पीठ घे हे मी सांगितलंच नव्हतं. "पाणी घाल" म्हणाले तर तांब्या रिकामा होईपर्यंत घालत राहिला, कारण थांब कधी ते पण मी सांगितलं नव्हतं.

मग मी आईच्या शेजारी बसून भाकरीच्या सगळ्या पायऱ्या वहीत लिहिल्या. पीठ दोन मुठी. कोमट पाणी थोडं थोडं. मळ. गोळा कर. थाप. तव्यावर टाक. वरून पाण्याचा हात फिरव. पाणी सुकलं तर उलट, नाही सुकलं तर थांब. मग आरावर शेक. आणि सात भाकऱ्या होईपर्यंत हेच सगळं परत परत कर. एकूण २३ पायऱ्या झाल्या. बाई म्हणाल्या, यात क्रम आहे, "जर असं तर तसं" आहे आणि पुन्हा पुन्हा करणं आहे. प्रोग्राममध्येही मुख्य हेच असतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आगं, मग मला हे कुणी आधी का नाही सांगितलं?"

आता पहिलं कोण ते. त्यासाठी सोलापूरच्या चादरीपासून सुरुवात करावी लागेल. माझे मामा सोलापूरला यंत्रमागावर कामाला आहेत. दिवाळीत मी तिथे गेले होते तेव्हा त्यांनी मला जकार्ड दाखवलं. मागाच्या वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांब माळ असते. धोटा एकदा फिरला की एक पुठ्ठा पुढे सरकतो. जिथे भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथला खाली राहतो. असं करत करत चादरीवर मोर उमटतो. मागाला मोर माहीत नसतो, त्याला फक्त भोक आहे की नाही एवढंच कळतं. हा शोध फ्रान्सच्या जकार्ड नावाच्या माणसाचा आहे, साल १८०४.

पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेज नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी हेच पुठ्ठे वापरून गणित करणारं यंत्र बनवायचं ठरवलं. त्यांच्या ओळखीची एक बाई होती, एडा लव्हलेस. ती १८१५ साली जन्मली. तिचे वडील बायरन हे मोठे कवी होते, पण तिच्या आईने तिला कविता नाही तर गणित शिकवलं. एडाने त्या यंत्रावर १८४३ साली टिपणं छापली. यंत्राने एक अवघड गणित कसं करायचं याच्या सगळ्या पायऱ्या तिने त्यात क्रमाने मांडल्या. यंत्र तर कधी पूर्ण झालंच नाही! म्हणजे भाकरी करायला चूलच नव्हती, तरी तिने कृती लिहून ठेवली. पुष्कळ लोक तिलाच जगातली पहिली प्रोग्रामर मानतात. तिने असंही लिहिलं होतं की असं यंत्र पुढे संगीतसुद्धा रचू शकेल. ती ३६ वर्षांची असतानाच वारली.

१८४३ नंतर पाचच वर्षांनी, १८४८ साली, पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. म्हणजे तिकडे एक बाई यंत्राला आज्ञा लिहीत होती तेव्हा इकडे आपल्या मुलींना पाटीसुद्धा मिळत नव्हती. हे मी वहीत शेजारी शेजारी लिहिलं तेव्हा मला कसंतरीच वाटलं.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात आवडली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तोफेचा गोळा कुठे पडेल याची गणितं करायला पुष्कळ मुली नोकरीवर ठेवल्या होत्या. गंमत अशी की त्या मुलींनाच "कॉम्प्युटर" म्हणत, म्हणजे हिशेब करणाऱ्या. मग फिलाडेल्फिया शहरात एनिअ‍ॅक नावाचं मोठं यंत्र तयार झालं. वजन ३० टन. त्यात जवळजवळ १८,००० काचेच्या नळ्या होत्या. अख्खी खोली भरली होती. त्याला काम सांगायला सहा मुली निवडल्या. कॅथलीन मॅकनल्टी, बेटी जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिख्टरमन. नावं अवघड आहेत, पण मी सगळी लिहिणारच. का ते पुढे कळेल.

त्यांना शिकवायला कोणी नव्हतं, पुस्तकही नव्हतं. यंत्राचे नकाशे बघून त्या स्वतःच शिकल्या. तेव्हा कळफलक नव्हता. तारा एका भोकातून काढून दुसऱ्यात घालायच्या आणि बटणं फिरवायची, हाच प्रोग्राम. १५ फेब्रुवारी १९४६ ला सगळ्यांसमोर यंत्र चालवून दाखवलं. गोळा जमिनीवर पडायला जेवढा वेळ लागतो त्याच्यापेक्षा कमी वेळात यंत्राने त्याचं गणित करून दाखवलं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. रात्री मोठं जेवण झालं. पण त्या सहा जणींना जेवायला बोलावलंच नाही. फोटो छापले तर त्यात नुसत्या उभ्या दिसायच्या, नावं नव्हती. पुष्कळ वर्षांनी लोकांनी त्यांना शोधलं, आणि १९९७ साली त्यांचा मान झाला. आपल्याकडे लग्नात स्वयंपाक करणाऱ्या बायका शेवटी जेवतात, पण जेवतात तरी.

यातली बेटी जीन शेतकऱ्याची मुलगी होती. सात भावंडांत सहावी. तिची शाळा पण खेड्यातली, एका खोलीची. आणि कॅथलीन तीन वर्षांची असताना आयर्लंडहून अमेरिकेत आली तेव्हा तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या वर्गातल्या पुष्कळ जणी म्हणतात की आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून संगणक जमणार नाही.

आणखी एक ग्रेस हॉपर म्हणून बाई होत्या, अमेरिकेच्या नौदलातल्या. लहानपणी त्यांनी घरातली सात घड्याळं उघडून ठेवली होती. (आमच्याकडे एकच आहे आणि मला हात लावू देत नाहीत.) पूर्वी यंत्राशी नुसत्या आकड्यांत बोलावं लागे. माणसाच्या भाषेसारख्या शब्दांत लिहिलेलं यंत्राच्या आकड्यांत बदलायची युक्ती त्यांनी पुढे आणली. तो काळ १९५२ नंतरचा. १९४७ साली त्यांच्या यंत्रात खरोखरचा पतंग अडकून बिघाड झाला होता. तो किडा वहीत चिकटवून ठेवला आहे. ती वही अमेरिकेच्या संग्रहालयात आहे. प्रोग्राममधल्या चुकीला बग म्हणजे किडा म्हणतात.

मग प्रश्न असा की सुरुवातीला एवढ्या मुली होत्या तर पुढे कमी का झाल्या? १९८४ च्या सुमाराला अमेरिकेत संगणकाची पदवी घेणाऱ्या शंभरात ३७ मुली होत्या. पुढे त्या निम्म्यावर आल्या. बाईंनी सांगितलेलं एक कारण मला पटलं. त्या वर्षांत घरोघरी लहान संगणक आले, पण त्यांच्या जाहिराती मुलग्यांसाठी असत. वडील मुलग्याच्या खोलीत संगणक ठेवत. मुलगे आधीच शिकून कॉलेजात जायचे आणि मुलींना वाटायचं, आपल्यालाच येत नाही. आमच्या वर्गातल्या खुर्चीसारखंच झालं की हे!

आपल्या देशातही झालं आहे. १९७४ साली सुधा मूर्ती बंगळूरला संगणकशास्त्र शिकत होत्या. टेल्को कंपनीची जाहिरात आली, त्यात मुलींनी अर्ज करू नये असं लिहिलं होतं. त्यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवून विचारलं, असं का? त्यांना पुण्याला मुलाखतीला बोलावलं आणि नोकरी मिळाली. एका कार्डावर! आम्ही पण कार्ड लिहिलं, म्हणजे चिठ्ठी, मुख्याध्यापक सरांना. आता भिंतीवर पाळीचा तक्ता लावला आहे. दर तासाला एक मुलगी, एक मुलगा, अशी जोडी बसते.

माझी पाळी आली तेव्हा मी मांजराला चौकोन काढायला लावला. शंभर पावलं पुढे, मग ९० अंशात वळ, असं चार वेळा. मी चुकून तीन वेळा लिहिलं, तर चौकोनाला दार राहिलं. मग माझ्या जोडीदाराने एक युक्ती काढली. चौकोन झाला की १० अंश वळायचं आणि परत चौकोन, असं ३६ वेळा. पडद्यावर मोठी गोल रांगोळी झाली! हा जोडीदार म्हणजे तोच, मुलींचं काम नाही म्हणणारा. रांगोळी दोघांची आहे, म्हणून शेजारच्या कागदावर दोघांचीही नावं घातली आहेत.

आता शेवटचं आमच्या घरचं. माझी ताई दहावीला आहे. तिला पुढे सोलापूरला तंत्रनिकेतनात संगणकाची पदविका करायची आहे. आई हो म्हणते. आण्णा म्हणतात, बघू. आजीने विचारलं, एवढं शिकून पोरगी करणार काय, तेव्हा ताई गप्प बसली. मी मात्र आजीला त्या सहा जणींची गोष्ट सांगितली. आजीने सगळी ऐकली आणि विचारलं, "जेवायला का नाही बोलावलं त्यांना?" दुसऱ्या दिवशी परत तेच विचारलं.

आण्णा आज शाळेत येणार आहेत, म्हणून हा लेख मी दाराजवळ, त्यांच्या उंचीला लावायला सांगितला. ताईने एसटीच्या पासचा, वसतिगृहाचा आणि फीचा खर्च एका पानावर लिहिला आहे. ते पान माझ्या दप्तरात आहे. आण्णा, मी तिसऱ्या बाकावर बसते.